जलतरण तलावाचे पाणी सूर्यशक्तीने तापविताना : खर्चाचा अंदाज

पुणे, नाशिक यांसारख्या शहरांत हिवाळ्यात रात्रीचा पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. उघड्या जलतरण तलावाचे पाणी अशा वेळी इतके गार होते की, शिकाऊ मुले तलावाकडे फिरकत नाहीत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सियस असावे, असा नियम आहे. ही ऊब सूर्यशक्तीने देता येते. परंतु तिच्या खर्चाचा अंदाज घरगुती सौर बंबाच्या हिशेबाने बांधू नये. बंबात दररोज नवे पाणी येते आणि ते ६० अंशांपर्यंत तापवावे लागते. तलावात तेच पाणी राहते आणि रोज गमावलेली ऊब तेवढी भरून काढावयाची असते. त्यामुळे अंदाज लिटरवर नव्हे, तर ऊब किती जाते यावर बांधला पाहिजे.

उदाहरणार्थ, २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलाव घेऊ. त्यात सुमारे ४,६९,००० लिटर पाणी मावते. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे या तलावाचा एक अंश सुमारे ५४५ युनिटांचा झाला.

ऊब जाते ती मुख्यतः बाष्पीभवनाने. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. म्हणजे तेवढ्याने ५८० लिटर पाणी एका अंशाने थंड होते. तलावावर रात्री आच्छादन पसरणे हा म्हणूनच पहिला उपाय होय. संकलकांचा विचार त्यानंतर.

समजा, ऊब राखलेले पाणी रात्रीत २ अंश उतरते आणि दिवसाच्या उन्हाने त्यांपैकी १ अंश परत मिळतो. (तलाव हा स्वतःच एक मोठा संकलक आहे, हे अनेकदा विसरले जाते.) उरलेली ५४५ युनिटे रोज पुरवावी लागतील. एक चौरस मीटर साधा, काचेविना असलेला काळा प्लॅस्टिकचा संकलक दिवसाला अडीच युनिटे देतो असे धरल्यास २१८ चौरस मीटर संकलक लागतील. आच्छादनामुळे रात्रीची घट दीड अंशावर आली, तर १०९ चौरस मीटर पुरतील. पाणी हवेपेक्षा थोडेसेच उबदार ठेवावयाचे असल्याने काचेच्या महाग संकलकांची येथे गरज नाही.

आता रुपयांकडे वळू. पुढील दर केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. प्रत्यक्षात निविदांतील दर घालावेत. संकलक बसवून चौरस मीटरला ५,००० रुपये पडले, तर आच्छादनाविना खर्च १०.९० लाख रुपये आणि आच्छादनासह ५.४५ लाख रुपये येतो. आच्छादनाचा दर चौरस मीटरला ५०० रुपये धरला, तरी त्याचे दीड लाखाच्या आसपासच होतात.

परतफेड मात्र कशाशी तुलना केली यावर ठरते. वर्षातील १०० दिवस ऊब हवी असेल, तर २७,३०० युनिटे लागतात. साध्या विद्युत तापकाने १० रुपये दराने त्यांचे २.७३ लाख रुपये होतात. म्हणजे संकलकांचा खर्च दोन वर्षांत वसूल होईल. पण कोणी तलाव तापकाने तापवीत नाही. उष्मापंप एक चतुर्थांश विजेत तेच काम करतो. त्याचे वीज बिल वर्षाला सुमारे ६८,००० रुपये येते. त्याच्याशी तुलना केल्यास परतफेडीला ८ वर्षे लागतात. उष्मापंपाची किंमत वजा धरल्यास हा काळ कमी होतो, हे खरे. पण दोन वर्षांचा आकडा सभेपुढे ठेवणे योग्य नव्हे.

अंदाजपत्रकापूर्वी थंडीत सलग आठवडाभर तलावाचे पाणी सायंकाळी व पहाटे तापमापकाने मोजावे. उबदार पाण्याची घट गार पाण्यापेक्षा अधिक असते, म्हणून त्या आकड्यात वाढ धरावी. संकलकांत पाणी चढविणाऱ्या पंपाची वीज, छताची भार पेलण्याची क्षमता आणि रोज सायंकाळी आच्छादन पसरून सकाळी ते काढणाऱ्या माणसाचे वेतन हेही त्याच कागदावर मांडावे.