लुक आफ्टर : अर्थ आणि वाक्यात उपयोग

आज आपण 'लुक आफ्टर' हे फ्रेझल व्हर्ब शिकणार आहोत.

'लुक' म्हणजे पाहणे, 'आफ्टर' म्हणजे नंतर. मग 'लुक आफ्टर' म्हणजे 'नंतर पाहणे' का? नाही. क्रियापदाला छोटा शब्द जोडला की दोघांचा मिळून वेगळाच अर्थ होतो. हे तिघं शेजारी ठेवून बघा :

लुक ॲट – कडे पाहणे
लुक फॉर – शोधणे
लुक आफ्टर – सांभाळणे, काळजी घेणे

हा अर्थ आपल्याला परका नाही. 'म्हातारीला कोण बघतं?' असं आपण विचारतो तेव्हा ते बघणं डोळ्यांचं नसतं, सांभाळण्याचं असतं. मराठीत ते संदर्भावरून कळतं, इंग्रजीत 'आफ्टर' सांगतो.

आता आपल्या बीड जिल्ह्यातली वाक्यं घेऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पट्टा पडेपर्यंत काही मुलं गावात आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापासोबत कोपीवर जातात.

१) आजी मला सांभाळते. – माय ग्रँडमदर लुक्स आफ्टर मी.
२) काकांनी आमची गुरं सांभाळली. – माय अंकल लुक्ड आफ्टर अवर कॅटल.
३) ताई बाळाला सांभाळत आहे. – माय सिस्टर इज लुकिंग आफ्टर द बेबी.

लक्षात ठेवा, काळानुसार फक्त 'लुक' बदलतो, 'आफ्टर' तसाच राहतो. आणि या दोघांची ताटातूट करायची नाही. 'लुक द बेबी आफ्टर' हे चूक, 'लुक आफ्टर द बेबी' हे बरोबर.

तिसरं वाक्य परत वाचा. आई-बाप फडात, बाळ कोपीत, आणि सांभाळणारी ताई स्वतःच दहा वर्षांची असेल तर? तिची शाळा बुडते. मग प्रश्न पडतो, 'हू लुक्स आफ्टर हर?' तिला कोण बघतं? ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिलाय. म्हणून पालकांनो, कोयता घेऊन निघण्याआधी एकदा शाळेत या. मुलाच्या राहण्याची सोय गावात होते का, ते गुरुजी-बाईंना विचारा.

सराव : 'हू लुक्स आफ्टर यू?' या प्रश्नाचं खरं उत्तर इंग्रजीत लिहा. मग 'तू कोणाला सांभाळतोस किंवा सांभाळतेस?' याचंही एक वाक्य लिहा आणि उद्या वर्गात वाचून दाखवा.