भावनांचा पूर येतो तेव्हा

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-१८

ग्वाल्हेरात लष्करच्या दौलतगंज भागातील एका मराठी घरी आम्ही प्रार्थनेस गेलो होतो. कर्ता मुलगा जाऊन पंधरवडा झाला होता. आईला रात्र रात्र झोप नव्हती; छाती धडधडे, हात कापत. आम्ही म्हणालो, "मावशी, विश्वास धरा, रडू नका." त्या म्हणाल्या, "विश्वास आहे हो भाऊ, पण हे आवरत नाही, त्याला काय करू?" परत येताना वाटेत आम्हांला उमगले की चूक आमचीच होती.

एलीयाकडे पाहा. कर्मेलावर तो एकटा शेकडोंपुढे उभा राहिला. परंतु ईजबेलीची धमकी येताच रानात पळाला आणि रतामाच्या झाडाखाली बसून मरण मागू लागला. तो अविश्वासू होता काय? नाही. तो थकला होता, भ्याला होता.

देवाने त्याला कसे सावरले, तो क्रम शिकण्यासारखा आहे.

१. प्रथम शरीर. देवाने उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. भावना अनावर होते तेव्हा श्वास जलद चालतो, अंग ताठरते आणि विचार सुचत नाही. अशा वेळी हळूहळू श्वास सोडणे, घोटभर पाणी, दोन घास, थोडी झोप यांची गरज असते.

२. मग बोलणे. होरेबात देवाने दोनदा विचारले. एलीयाने दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणे सांगितले. देवाने त्याला मध्येच अडवले नाही. दुःखी माणूस तेच तेच सांगतो, आपण ऐकावे. लाजराच्या कबरेकडे जाताना प्रभू येशूही रडला, मग आपण कोणाचे अश्रू का अडवावे?

३. शेवटी सोबत व काम. देवाने त्याला अलीशा हा सोबती दिला आणि पुढचे काम नेमून दिले. तो एकटा नाही, आणखी सात हजार आहेत, हेही सांगितले.

पंडिता रमाबाईंचे चरित्र आठवा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. कडेवर वर्षाच्या आतली मुलगी. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुली पाहून त्यांना स्वतःचे जुने हाल आठवले. त्या आठवणी वीस वर्षांनीही पुसल्या नव्हत्या. पण आता त्यांना त्यांत वाहून न जाता त्या मुलींना उचलून घरी आणता आले. दुःख संपावे लागत नाही. त्याला सोबत आणि वाट मिळावी लागते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी रडणाऱ्या वा संतापलेल्या मुलाला वर्गापुढे दटावू नये. जवळ बसावे, शांत होऊ द्यावे. मग त्याला काय वाटते ते त्याच्याच शब्दांत विचारावे.

कोणाची झोप व जेवण आठवडेच्या आठवडे सुटले असेल, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. औषध घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. दूताने आणलेली भाकरही देवाचीच होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही दौलतगंजला पुन्हा गेलो. या वेळी डब्यात खिचडी नेली आणि बोललो थोडेच. मावशी जेवल्या, मुलाविषयी तासभर बोलल्या. निघताना त्यांनीच म्हटले, "भाऊ, आता प्रार्थना करा."

मननासाठी : आपल्या मंडळीत आज रतामाच्या झाडाखाली कोण बसले आहे? त्याच्याकडे आपण काय घेऊन जाणार, उपदेश की भाकर?