गोडेलचा सिद्धांत आणि संशयसम अहेतु

‘विज्ञान अपूर्णच राहणार हे गोडेलने सिद्ध केले आहे; म्हणून जे सिद्ध झाले नाही तेही सत्य मानावे,’ असा युक्तिवाद आपल्या परिसंवादांत अधूनमधून ऐकू येतो. प्रस्तुत लेखकानेही एका व्याख्यानात तो केला होता. सभा संपल्यावर गणिताच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी ‘गोडेलने नेमके काय सिद्ध केले?’ एवढेच विचारले. उत्तर देता आले नाही. त्यानंतर केलेल्या अभ्यासाचा सारांश वैद्यबंधूंपुढे ठेवीत आहे.

पूर्वपीठिका : संपूर्ण अंकगणित शुद्ध तर्कातून निष्पन्न करावे, हा जर्मन गणिती फ्रेगे यांचा संकल्प होता. त्यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापला जात असताना, १६ जून १९०२ रोजी, बर्ट्रांड रसेल यांनी त्यांना पत्र लिहिले. जे संच स्वतःचे घटक नाहीत अशा सर्व संचांचा एक संच कल्पावा. तो स्वतःचा घटक आहे काय? ‘होय’ म्हटले तर ‘नाही’ ठरते आणि ‘नाही’ म्हटले तर ‘होय’. फ्रेगे यांनी हा दोष दडविला नाही. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या खंडाला परिशिष्ट जोडून तो मान्य केला.

अंकगणिताची गृहीतके परस्परविरोधी नाहीत हे सिद्ध करावे, असा प्रश्न डेव्हिड हिल्बर्ट यांनी १९०० सालीच मांडला होता. कुर्ट गोडेल यांनी १९३१ साली दाखविले की, ज्या सुसंगत आकारिक पद्धतीत पुरेसे अंकगणित मांडता येते आणि जिची गृहीतके यांत्रिक रीतीने ओळखता येतात, तिच्यात असे विधान असतेच की जे त्या पद्धतीत सिद्धही होत नाही आणि खंडितही होत नाही. शिवाय अशी पद्धती स्वतःची सुसंगती स्वतःच्या साधनांनी सिद्ध करू शकत नाही. पुढे गेंट्सेन यांनी १९३६ साली अंकगणिताची सुसंगती सिद्ध केली. परंतु त्यासाठी त्या पद्धतीबाहेरचे एक तत्त्व त्यांना घ्यावे लागले, व ते त्यांनी स्पष्टपणे मांडले.

विवेचन : यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, हा सिद्धांत आकारिक पद्धतींविषयी आहे; ज्वर, कल्प वा रुग्ण यांविषयी तो काहीच सांगत नाही. दुसरी, ‘सिद्ध झाले नाही’ हे लक्षण सत्य विधानाचे असू शकते, तसेच असत्य विधानाचेही. म्हणजे ते संशयाचे कारण आहे. संशयाचे कारण तेच निर्णयाचे कारण म्हणून पुढे करणे, यालाच चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात ‘संशयसम’ अहेतु म्हटले आहे. त्यांचे उदाहरण आपल्याच व्यवसायातील आहे : एक मनुष्य आयुर्वेदाचा काही भाग सांगतो, तो वैद्य आहे की नाही असा संशय असता, ‘ज्याअर्थी तो आयुर्वेदाचा भाग सांगतो, त्याअर्थी तो वैद्यच’ असे कोणी म्हणणे. प्रस्तुत लेखकाचा युक्तिवाद याच जातीचा होता.

निष्कर्ष : गोडेल यांच्या सिद्धांताने गणितज्ञांना सिद्धतेच्या कष्टातून मुक्त केले नाही; गेंट्सेन यांचे कार्य त्यानंतरचेच आहे. मग आपल्याला तरी तो कशी सवलत देईल? एखाद्या कल्पाचा गुण व्याख्यानात सांगताना वा औषधाच्या माहितीपत्रकात छापताना प्रतिज्ञेमागे हेतू हवा आणि तो परीक्षेत टिकणारा हवा. तो नसेल तर ‘अद्याप सिद्ध नाही’ असे स्वच्छ लिहावे. औषध घेणारा रुग्ण आपल्या वादसभेत बसलेला नसतो. आपल्या हेत्वाभासाचे फळ मात्र त्यालाच भोगावे लागते.