पॉइंट निमोचे पाणी

प्रशांत महासागरातील 'पॉइंट निमो'पासून जवळात जवळची जमीन सुमारे २,६८८ किलोमीटर दूर आहे. त्यांपैकीच एक पॉलिनेशियातील डुसी बेट. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय नौदलाच्या दिलना व रूपा या दोघी अधिकारी शिडाच्या 'तारिणी' नौकेतून तेथून गेल्या. पृथ्वीप्रदक्षिणेचे सुमारे आठ महिने नौका हेच त्यांचे घर होते. तेथील पाण्याचे नमुने त्यांनी घेतले. त्यात सूक्ष्म प्लॅस्टिक आहे का, हे तपासायचे होते.

इतक्या दूर प्लॅस्टिक कसे जाईल? पॉलिथिनची घनता सुमारे ०.९५, समुद्राच्या पाण्याची १.०२५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. म्हणून ते तरंगते, उन्हाने तुकडे होऊन प्रवाहाबरोबर वाहते. नागपूरची नाग नदीही कन्हान, वैनगंगा, प्राणहिता व गोदावरीमार्गे समुद्रालाच मिळते. मग नाल्यात पिशवी टाकाल का?