जमिनीचा वापर ठरविण्यापूर्वी जोखमीची पाहणी

पुराचे पाणी कोठवर चढते, नाला कोणत्या वळणावर काठ फोडतो, कोणती विहीर चैत्रात आटते, हे गावातील वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊक असते. परंतु ही माहिती गावच्या नकाशावर क्वचितच उतरते. घरकुले, गोदाम किंवा पांदण रस्ता यांची जागा ठरविताना मोकळी जमीन कोठे आहे एवढेच पाहिले जाते. नदीकाठची जमीन मोकळी का राहिली, हा प्रश्न त्याआधी विचारावयास हवा.

धोका आणि जोखीम

या दोन शब्दांतील फरक ध्यानात घ्यावा. पूर येणे हा धोका होय. त्या पुराच्या वाटेत काय आहे, ते किती नाजूक आहे व असा पूर किती वेळा येतो, या तिन्ही गोष्टी मिळून जोखीम ठरते. नदीकाठच्या गवती कुरणावर चार हात पाणी चढले तरी हानी थोडी होते. तेच पाणी मातीच्या घरांत शिरले तर संसार वाहून जातो. पाऊस आपल्या हाती नाही. पाण्याच्या वाटेत काय ठेवावे, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

वर्धा नदीच्याच काठचे उदाहरण घेऊ. दि. ३० जुलै १९९१ रोजी या नदीच्या महापुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड हे गाव उद्ध्वस्त केले व दोनशेहून अधिक माणसे दगावली. पुढे गावाचे दुसऱ्या जागी पुनर्वसन करावे लागले. वस्ती हलविण्याचा खर्च व दुःख मोठे असते. नवी वस्ती सुरक्षित जागी वसविणे त्या मानाने पुष्कळ सोपे असते.

निळी रेषा व लाल रेषा

आपल्या राज्यात पाटबंधारे खात्यातर्फे नद्यांच्या पूररेषा आखल्या जातात. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा होय. नदी व निळी रेषा यांमधील पट्टा बांधकामास निषिद्ध असतो. निळ्या व लाल रेषांमधील पट्ट्यात बांधकामावर नियंत्रण असते.

येथे एक गैरसमज होतो. यंदा असा पूर येऊन गेला म्हणजे पुढील २५ वर्षे निर्धास्त, असे अनेकांस वाटते. ते खरे नव्हे. २५ वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी शंभरांत ४ इतका संभव असलेला पूर. त्या रेषेवर घर बांधून २५ वर्षे राहिल्यास निदान एकदा तरी घरात पाणी येण्याचा संभव शंभरांत ६४ असतो.

गावचा नकाशा

हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरचा परिसर यशोदा नदीच्या खोऱ्यात येतो. पुष्कळशी जमीन भारी व काळी. ती ओल धरून ठेवते, पण संततधार लागली की पाण्याचा निचरा होत नाही व पिके पिवळी पडतात. पावसाने ओढ दिली की तिला भेगा पडतात. म्हणून एकाच शिवारात अतिवृष्टी व अवर्षण या दोहोंची जोखीम पाहावी लागते. पुढील क्रमाने काम करावे.

१. गटवार नकाशावर नदी, नाले, उतार, वस्ती, विहिरी व रस्ते दाखवावेत.

२. जुन्या जाणत्या पुरुषांस व स्त्रियांस सोबत घेऊन शिवारफेरी करावी. पाणी चढल्याच्या खुणा पाहून त्यापुढे वर्ष लिहावे.

३. मागील दहा वर्षांत कोणत्या गटात किती वेळा पीक बुडाले, खरडून गेले किंवा वाळले, ते मोजावे.

४. जास्त, मध्यम व कमी जोखमीचे पट्टे तीन रंगांत दाखवावेत.

५. जास्त जोखमीच्या पट्ट्यात कुरण, वैरण व झाडे. मध्यम पट्ट्यात निचऱ्याची सोय करून पिके. कमी जोखमीच्या उंच जागी वस्ती, शाळा व धान्याची साठवण, अशी विभागणी करावी.

शेताचा हिशेब

हीच रीत एका शेतासही लागू पडते. समजा, नाल्याकाठच्या शेतात सोयाबीनपासून चांगल्या वर्षी एकरी २०,००० रुपये उरतात व बुडीत वर्षी १५,००० रुपयांचा तोटा होतो. पाच वर्षांत एकदाच पीक बुडाले तर सरासरी १३,००० रुपये पडतात; दोनदा बुडाले तर अवघे ६,०००. खरिपात वैरण व रब्बीत हरभरा घेऊन दरवर्षी १०,००० रुपये मिळत असतील, तर पहिल्या स्थितीत सोयाबीन व दुसऱ्या स्थितीत हरभरा फायद्याचा ठरतो. पीक किती वेळा बुडते, ही नोंद याकरिता अगत्याची आहे. शिवाय ज्या कास्तकारास एक बुडीत वर्षही कर्जात लोटील, त्याने केवळ सरासरीवर भिस्त ठेवू नये.

मध्यम जोखमीच्या शेतात उताराला आडवी पेरणी करावी. सोयाबीन रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरावे. जादा पाणी सरीतून निघून जाते व पावसाच्या खंडात ओलही टिकते. जोडीस तुरीचे आंतरपीक घ्यावे. तिची मुळे खोल जात असल्याने पावसाची ओढ ती अधिक सोसते. मात्र एका शेताचे पाणी दुसऱ्याच्या धुऱ्यावर सोडू नये. चर नाल्यापर्यंत सर्वांनी मिळून काढावा.

हा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवून ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यास जोडावा व दर पावसाळ्यानंतर दुरुस्त करावा. ज्यांची जमीन किंवा घर जास्त जोखमीच्या पट्ट्यात पडते, ते बहुधा गावातील दुबळे लोक असतात. त्यांस केवळ मनाई सांगून भागणार नाही. त्यांच्यासाठी उंचावरील पर्यायी जागा त्याच आराखड्यात दाखविणे, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे पहिले काम समजावे.