महामारी आणि पर्यटनाश्रित बेट : मॉरिशसचा अनुभव

१. प्रश्नाचे स्वरूप

म्हैसूरचा दसरा हा केवळ राजवाड्यापुरता सोहळा नसतो. त्या दहा दिवसांच्या कमाईवर टांगेवाले, फूलवाले, खाणावळी व लॉज चालविणारे यांचे पुढील काही महिने अवलंबून असतात. मानसगंगोत्रीलगतच्या बोगादीसारख्या, शहराच्या पश्चिम कडेच्या वस्त्याही या अर्थव्यवहारापासून अलिप्त राहत नाहीत. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी करोनाच्या साथीमुळे जंबू सवारी राजवाड्याच्या आवाराबाहेर पडली नाही. २०२२ मध्ये ती पुन्हा बन्नीमंटपापर्यंत गेली. मात्र म्हैसूरला एक सोय होती. रस्ते खुले होताच बंगळूरूचा, केरळचा, तामिळनाडूचा प्रवासी मोटारीने किंवा आगगाडीने परत येऊ शकत होता. ज्या देशाला जमिनीची सीमाच नाही आणि ज्याच्याकडे येणारा पाहुणा बहुतांशी विमानातूनच उतरतो, त्या देशाने अशा काळात काय करावे, हा प्रश्न याहून बिकट आहे. हिंदी महासागरातील मॉरिशस हे त्याचे अभ्यासयोग्य उदाहरण होय.

मराठी वाचकाला या बेटाविषयी वेगळी आस्था वाटावी, असे कारणही आहे. १८३४ नंतर करारबद्ध मजूर म्हणून तेथे गेलेल्या भारतीयांत मुंबई बंदरातून निघालेले, विशेषतः कोकणातील व देशावरील शेतकरी होते. त्यांचे वंशज आज तेथील लोकसंख्येत अल्पसंख्य असले तरी त्यांचे अस्तित्व ठळक आहे. शाळांतून मराठी शिकविली जाते, जाखडीचे तेथील रूप असलेली झाकरी टिकून आहे, आणि गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. उसाच्या मळ्यांत सुरू झालेल्या या कुटुंबांच्या पुढील पिढ्या शिक्षण, सरकारी नोकरी, व्यापार आणि हॉटेले अशा नाना क्षेत्रांत गेल्या. म्हणून बेटावरील पर्यटन थांबले, तेव्हा त्याची झळ मराठी घरांनाही लागणे अपरिहार्य होते.

२. बेटाची जुनी स्मृती

साथ आणि समुद्र यांचा संबंध मॉरिशसला नवा नाही. १८५६ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या जहाजांवर पटकी असल्याच्या भीतीने शेकडो मजुरांना गॅब्रिएल या लहानशा निर्जन बेटावर उतरविण्यात आले. पुरेसा निवारा, अन्न आणि पाणी यांच्या अभावी त्यांच्यापैकी कित्येक तेथेच मृत्यू पावले. या प्रकारानंतर हिंदुस्थान सरकारने मॉरिशसकडे मजूर पाठविणे काही काळ थांबविले. पुढे १८६६ ते १८६८ या वर्षांत मलेरियाने हजारो बळी घेतले. ज्यांना शक्य झाले ते पोर्ट लुई ही राजधानी सोडून क्युरपीपसारख्या उंचावरील थंड गावी राहावयास गेले आणि बेटावरील वस्तीचा आकृतिबंधच बदलला. १९०७ मध्ये सर रोनाल्ड रॉस हे मलेरियाच्या अभ्यासासाठी तेथे आले होते. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा देश मलेरियामुक्त झाल्याचे प्रमाणित केले. १९७५ च्या चक्रीवादळानंतर रोग परतला. तो पुन्हा हटविण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला.

या दीर्घ लढ्यातून एक कार्यपद्धती सिद्ध झाली. मलेरियाग्रस्त देशांतून येणाऱ्या प्रवाशांची विमानतळावर नोंद घ्यावयाची आणि नंतर आरोग्य कर्मचाऱ्यांनी त्यांच्या राहत्या ठिकाणी जाऊन रक्ताची तपासणी करावयाची. म्हणजे दार उघडे ठेवावयाचे, पण दारावर लक्षही ठेवावयाचे. गॅब्रिएल बेटावर माणसे बाहेर ठेवली गेली आणि मेली. मलेरियाच्या बाबतीत माणसे आत घेतली गेली आणि रोग आटोक्यात राहिला. २०२० मध्ये या दोन्ही पद्धतींची कसोटी पुन्हा एकदा लागली.

३. बंद दार

१८ मार्च २०२० रोजी मॉरिशसमध्ये करोनाचे पहिले तीन रुग्ण आढळले. दुसऱ्याच दिवशी सीमा बंद झाल्या आणि २० मार्चपासून टाळेबंदी आली. पुढे काही दिवस किराणा दुकानेदेखील बंद होती. एप्रिलच्या प्रारंभी ती उघडली, तेव्हा आडनावाच्या आद्याक्षरानुसार प्रत्येक कुटुंबाला खरेदीसाठी आठवड्यातील ठराविक दोन दिवस नेमून देण्यात आले. मे महिन्याच्या मध्यापर्यंत देशात एकही सक्रिय रुग्ण उरला नाही. पहिल्या लाटेत मृत्यू दहा झाले. आरोग्याच्या दृष्टीने हे मोठेच यश होते.

परंतु याच यशाने दुसरे संकट उभे केले. प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांश भाग पर्यटनातून येतो, असे मानले जाते. २०१९ मध्ये सुमारे १३ लाख ८३ हजार पर्यटक आले होते, म्हणजे देशाच्या लोकसंख्येहून अधिक. २०२० मध्ये ही संख्या सुमारे ३ लाख ९ हजारांवर घसरली आणि त्यांतील बहुतेक सारे मार्चपूर्वीच येऊन गेलेले होते. २०२१ मध्ये ती १ लाख ८० हजारांच्या आसपास राहिली. २०२० सालात देशाचे एकूण उत्पादन सुमारे १५ टक्क्यांनी आकसले. राष्ट्रीय विमान कंपनी एप्रिल २०२० मध्ये प्रशासकाच्या हाती गेली. हॉटेले रिकामी पडली, आणि परदेशातून परतणाऱ्या नागरिकांच्या विलगीकरणासाठी त्यांतील काही वापरली जाऊ लागली. पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोलीत स्वदेशीचाच माणूस चौदा दिवस बंदिस्त बसला, हे त्या वर्षाचे प्रातिनिधिक दृश्य म्हणावे लागेल.

त्यात भर म्हणून २५ जुलै २०२० रोजी वाकाशियो हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळकड्यावर रुतले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे एक हजार टन तेल समुद्रात सांडले. प्रवाळांमागील उथळ, नितळ पाणी हेच तर पर्यटनाचे भांडवल. तेव्हा हजारो स्वयंसेवकांनी कापडी पिशव्यांत उसाचे पाचट भरून तरंगते बांध तयार केले. लोकांनी डोक्यावरचे केस कापून दिले. ज्या उसासाठी त्यांचे पूर्वज आणले गेले, त्याच उसाचे पाचट किनारा वाचविण्याच्या कामी आले.

४. माणूस आणि काम यांचा धागा

या काळातील शासकीय धोरणाचा गाभा वेतनसाहाय्य योजनेत होता. टाळेबंदीत खाजगी क्षेत्रातील कामगारांच्या मूळ वेतनाचा ठराविक मर्यादेपर्यंतचा भाग शासनाने मालकांमार्फत दिला. स्वयंरोजगार करणाऱ्यांना प्रारंभी दरमहा ५,१०० मॉरिशस रुपयांचे साहाय्य मिळाले. इतर उद्योग सुरू झाल्यावर त्यांचे साहाय्य थांबले, तरी पर्यटनक्षेत्रात ते पुढे चालू ठेवण्यात आले. या योजनेचे तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. कामगाराला केवळ मदत देऊन भागत नाही. त्याचे नाव हॉटेलच्या हजेरीपटावर राहिले पाहिजे, म्हणजे पाहुणे परतताच हॉटेल उघडू शकते. स्वयंपाकी, माळी, नावाडी, खोल्यांची व्यवस्था पाहणाऱ्या स्त्रिया यांचे कौशल्य एकदा पांगले, तर ते पैशाने तत्काळ गोळा करता येत नाही. याच हेतूने मध्यवर्ती बँकेने जून २०२० मध्ये ८० अब्ज रुपयांच्या निधीची गुंतवणूक संस्था स्थापन केली आणि तिने मोठ्या हॉटेल कंपन्यांना भांडवल पुरविले.

या उपायांना किंमत मोजावी लागली. सार्वजनिक कर्ज वाढले, रुपयाची किंमत घसरली, आणि २०२२ मध्ये महागाईचा दर दहा टक्क्यांच्या वर गेला. ज्या कुटुंबांची नोकरी वेतनसाहाय्याने वाचली, त्यांनीच पुढे बाजारात वाढीव दराने तांदूळ व तेल विकत घेतले. मोठ्या कंपन्यांना दिलेल्या निधीविषयी देशात तीव्र वादही झाले. फेरीवाले, टॅक्सीचालक, हंगामी मजूर यांच्यापर्यंत साहाय्य तितक्या सुलभतेने पोहोचत नाही, हा अशा सर्वच योजनांमधील दोष आहे. जो हजेरीपटावर कधी नव्हताच, त्याचा धागा कोण जपणार?

५. टप्प्याटप्प्याने उघडणे

जानेवारी २०२१ मध्ये भारताने भेट दिलेल्या कोविशील्डच्या एक लाख मात्रांनी लसीकरण सुरू झाले. मार्चमध्ये दुसरी टाळेबंदी करावी लागली. १५ जुलै २०२१ पासून लस घेतलेल्या पर्यटकांना मान्यताप्राप्त हॉटेलांच्या आवारातच राहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला आणि १ ऑक्टोबरपासून लस घेतलेल्या प्रवाशांना मुक्तपणे हिंडता येऊ लागले. दीर्घ मुक्कामाचा नवा परवानाही २०२० च्या अखेरीस सुरू झाला होता. त्यामुळे परदेशी नोकरी करीतच बेटावर वर्षभर राहण्याची मुभा मिळाली.

ही उघडीक निर्वेध नव्हती. २०२१ च्या अखेरच्या महिन्यांत रोग वेगाने पसरला आणि पहिल्या लाटेतील दहा मृत्यूंच्या जागी शेकड्यांनी मृत्यू झाले. दार बंद ठेवल्यास उपजीविका जाते आणि उघडल्यास जीव जातो, या पेचातून लसीने वाट काढली खरी, परंतु ती वाट पूर्णतः सुरक्षित होती असे म्हणता येणार नाही.

२०२२ मध्ये पर्यटकांची संख्या दहा लाखांच्या जवळ आली आणि २०२४ मध्ये ती सुमारे १३ लाख ८२ हजार झाली. २०१९ ची पातळी गाठण्यास पाच वर्षे लागली, आणि तरीही ती किंचित अपुरीच राहिली. दरम्यान एक नवीच अडचण उद्भवली. पाहुणे परतले, पण कामगार कमी पडू लागले. अनेक तरुणांनी अनिश्चिततेला कंटाळून दुसरा व्यवसाय धरला किंवा परदेशी जहाजांवर नोकरी पत्करली. वेतनसाहाय्याने नोकरी टिकविली. त्या नोकरीवरचा विश्वास मात्र सर्वस्वी टिकविता आला नाही.

६. उपसंहार

मॉरिशसच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष असा की, बेटाला दार बंद करणे तुलनेने सोपे असते. त्याची कसोटी बंद दाराआडच्या काळात लागते. त्या अवधीत माणसाचा कामाशी असलेला संबंध जो देश जपतो, त्याला दार उघडण्याचा उपयोग होतो. मात्र एकाच व्यवसायावर विसंबलेल्या समाजाला हे जपणूक करणारे धोरण फार महाग पडते. मॉरिशसला ते पेलले, याचे कारण जुन्या साखर उद्योगाबरोबरच कापड आणि वित्तव्यवहार हे अन्य आधारही त्याने स्वातंत्र्योत्तर काळात उभे केले होते. दसऱ्याच्या दहा दिवसांवर वर्षाचा हिशेब मांडणाऱ्या म्हैसूरलाही या निष्कर्षाचा विचार करावा लागेल. पुढील साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. मात्र ती येईल तेव्हा टांगेवाल्याचे नाव कोणत्या हजेरीपटावर असेल, हे आजच ठरविता येण्याजोगे आहे.