मिठी नदीची वाट

मुलांनो, मुंबईतील मिठी नदी तुम्ही पाहिली आहे का? कुर्ल्याच्या पुलावरून जाताना अनेकांना ती मोठा नालाच वाटते. पण ती नदी आहे. विहार आणि पवई हे तलाव पावसाळ्यात भरून वाहू लागले, की त्यांचे पाणी मिठीत येते. सुमारे १८ किलोमीटर वाहत जाऊन ती माहीमच्या खाडीला मिळते.

ज्या प्रदेशावर पडलेला पाऊस उताराने एकाच नदीत येतो, त्या प्रदेशाला त्या नदीचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. मिठीच्या पाणलोट क्षेत्रात पूर्वी शेते, झाडी आणि दलदल होती. पावसाचे काही पाणी जमिनीत मुरे, काही खाचरांत साचून राही. उरलेले सावकाश नदीकडे येई.

एक प्रयोग करा. तांब्याभर पाणी अंगणातील मातीवर ओता. तेवढेच पाणी फरशीवर ओता. फरशीवरचे पाणी किती वेगाने पळते, ते पाहा. शहर वाढले, तसे मिठीभोवती असेच झाले. माती डांबराखाली आणि सिमेंटखाली गेली. पाणी गटारांतून एकदम नदीकडे धावू लागले. नदी मात्र भरावामुळे अरुंद झाली आणि कचऱ्याने उथळ झाली. विमानतळाच्या धावपट्टीपाशी तर तिला काटकोनात वळावे लागले! वांद्रे-कुर्ला भागात दलदलीवर भराव घालून मोठमोठ्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. भरतीचे आणि पुराचे पाणी पूर्वी तेथे पसरत असे.

उर्दूत 'दर्या' म्हणजे नदी. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. मिठीच्या मुखापाशी हे दोन्ही दर्या भेटतात. भरती आली, की समुद्र नदीचे पाणी अडवून धरतो.

२६ जुलै २००५ रोजी तसेच झाले. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यात मात्र १०० मिलिमीटरही पडला नाही. त्यातच भरती आली. कुर्ला, कलिना या भागांत घरेच्या घरे पाण्यात बुडाली. मुंबईत शेकडो माणसे दगावली. लोकांनी अनोळखी माणसांना आपल्या घरांत आसरा दिला.

एवढा पाऊस कोणत्याही शहराला जड गेला असता, हे खरे आहे. पण नदीची जागा मोकळी असती, तर पाणी एवढे चढले नसते आणि लवकर ओसरले असते. पुढे मिठीचे पात्र रुंद व खोल करण्यात आले, काठावर भिंती बांधण्यात आल्या. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये नदी पुन्हा चढली, तेव्हा कुर्ल्यातील क्रांतीनगरच्या रहिवाशांना घरे सोडून सुरक्षित जागी जावे लागले.